खुनी कोण, हे मला मध्यंतरातच कळतं

रहस्यपटातला खुनी मी मध्यंतराच्या आत ओळखतो, अशी माझी ख्याती आहे. ती पसरवण्याचं कामही माझ्याकडेच असतं. रेवदंड्याला एका नारळाच्या वाडीत, मागच्या अंगाला, माझी आणि माझ्या रूम पार्टनरची, कॉलेजसाठी घेतलेली भाड्याची खोली होती. तिथे पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून मी सिनेमे बघायचो आणि बघतानाचं माझं तोंड लाईव्ह दाखवायचो. दचकणं, किंचाळणं, 'मी बोललो नव्हतो?' असं कॅमेऱ्याला विचारणं. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. वडील याला दुसरं काहीतरी म्हणतात. प्रेक्षक पाच. त्यातली एक आई. ऐन खुनाच्या वेळी ती 'जेवलास का' असं लिहायची.

इतक्या सिनेमांतून मी एक नियम काढला होता: जो गप्प, तो खुनी.

आणि माझा रूम पार्टनर फार गप्प होता.

तो दिघीकडचा, मासेमारीच्या घरातला. आम्ही दोघं आणि वर्गातले आणखी दोघं अशी आमची मोबाईल गेमची टीम. बेटावर पॅराशूटने उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत जगायचं. गॅदरिंगला याची स्पर्धा होणार होती. सिनेमासारखाच सरावही मी लाईव्ह दाखवायचो, कारण कलावंताने सातत्य ठेवावं. सरावात कॉमर्सच्या पोरांशी गाठ पडायची आणि आम्ही मरायचो. पडक्या घरात उतरलो तर दाराआड कॉमर्स. पुलाखाली लपलो तर पुलावर कॉमर्स. आमचा बेत त्यांना आधीच ठाऊक!

"कोणीतरी फोडतंय," मी जाहीर केलं.

"कोण?" बाकीच्या दोघांनी एकदम विचारलं. पार्टनर कांदा चिरत राहिला. डोळ्यांत पाणी. कांद्याचं, असं तो म्हणाला असता, पण तो काही म्हणालाच नाही.

झालं. माझं मध्यंतर झालं.

त्यात तो सकाळचा गायब व्हायला लागला. अमावास्येच्या सुमाराला उजाडता उजाडता गेला आणि मी दात घासत असताना परत आला. पुढे त्याचं पहिलं लेक्चर बुडालं, मग दुसरं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा. पिशवी खोलीत न आणता बाहेर खिडकीच्या गजाला टांगायची.

"कुठे होतास?"

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे?"

"काम होतं रे."

आणि त्याची वेळ रोज थोडी पुढे सरकत होती. आपल्यावर पाळत आहे हे कळलेला माणूसच असा वेळ बदलतो, हे कुठल्याही रहस्यपटात आहे. मी बाकीच्या दोघांना बाजूला घेतलं. स्पर्धेच्या आधी याला टीममधून काढायचा, बदली खेळाडू मी बघून ठेवलाय, असं सांगितलं. वर बोलण्याच्या भरात, "खोलीचंही बघू," असंही म्हणून गेलो. फक्त पुरावा हवा होता.

म्हणून एक दिवस त्याच्या मागे निघालो. डोक्यावरून जॅकेटची टोपी ओढलेली, कारण पाठलाग तसाच करतात. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काय रे, ताप भरलाय काय?" उत्तर न देता मी कोळीवाड्यातून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकत वाकत किनाऱ्यावर पोचलो. पार्टनर लांब खडकांत बायकांच्या घोळक्यात ओणवा झालेला. त्याने एका बाईच्या हातात काहीतरी ठेवलं. व्यवहार! मी मोबाईल काढला, एका खडकावरून दुसऱ्यावर सरकत सरकत शूटिंग करू लागलो.

बुटात पाणी शिरलं तेव्हा मी मान वर केली. चारी बाजूंनी समुद्र.

आम्ही खरं तर किनाऱ्यावरचेच. घरच्या सुपारीच्या वाडीमागे समुद्र आहे. पण वाडीवाल्यांचा समुद्र हा पाहुण्यांना दाखवण्यापुरता. संध्याकाळी न्यायचं, भेळ खायची, परत आणायचं. तो आत येतो आणि बाहेर जातो, हे मी भूगोलात शिकलो होतो.

"पार्टनर!" मी ओरडलो. नेमका रिअ‍ॅक्शनच्या आवाजात.

बायका थांबल्या. कासोटा मारलेली एक म्हणाली, "गो बाय, ह्यो त्योच ना, पिच्चर बघून वराडतो त्यो?"

पार्टनर गुडघाभर पाण्यातून आला. "हात दे. शेवाळावर पाय ठेवू नकोस." मी ठेवला. आपटलो. "ठेवलासच," तो म्हणाला.

वराडतो म्हणणारी ती त्याची मावशी. तिचं मनगट सुजलं होतं आणि खडकाला चिकटलेले शिंपले फोडून कालवं काढायला जोर लागतो, म्हणून हा जात होता. कालवं ओहोटीला उघडी पडतात.

"पण रोज वेगळ्या वेळेला?" मी तरीही उलटतपासणी सोडली नाही.

"ओहोटी रोज पुढे सरकते, येड्या. ती काय तुझ्या टाइमटेबलवर येते?"

"मग सांगायचं ना मला!"

"तुला?" तो पहिल्यांदाच जरा जोरात बोलला. "लाईव्हवर काय बोललास? 'माझ्यासोबत खोलीत बोंबील राहतो.' हसले ना सगळे?"

हसले होते. सगळ्यात जास्त मीच. खिडकीबाहेरच्या पिशवीचं रहस्य असं उलगडेल, असं मला मध्यंतराला वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, तू कॉमर्सवाल्यांना..."

"त्यांना मी कशाला सांगू? तूच सांगतोस की. कुठे उतरायचं ते उतरायच्या आधी बोंबलून. तुझे पाच जण बघतात ना, त्यातले तीन कॉमर्सचे."

"तुला माहीत होतं? आणि बोलला नाहीस?"

"तीन गेले तर उरतात तुझी आई आणि माझी मावशी." त्याने माझा बूट उलटा करून पाणी ओतलं. "पाच आकडा बघून खूश असायचास."

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आणि मला काढणार आहात ते कळलंय. खोलीचंही."

"येशील ना खेळायला?"

"ओहोटी बघतो," म्हणत तो टोपली उचलून मावशीमागे गेला. मी एक बूट घालून, एक हातात धरून उभा.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं वर्गात बसलेलो. बदली खेळाडूला मी घरी पाठवलं होतं. तो चिडला, ते योग्यच होतं. दाराकडे बघून बघून मान दुखली, आणि नाव पुकारता पुकारता पार्टनर आला. पँट ओलीच. मी लाईव्ह बंद ठेवलं आणि बेत त्याच्या कानात सांगितला. तो म्हणाला, "नको, डोंगरामागे उतरू." उतरलो. या वेळी कॉमर्सला आम्ही सापडलो नाही. अकरावीच्या पोरांना सापडलो.

रात्री पिशवी मीच खिडकीवरून काढून आत आणली. वास येत होता. कालवं परतल्यावर आणखी आला. जेवता जेवता सिनेमा लावला, लाईव्ह सुरू केलं. प्रेक्षक दोन. 'जेवलास का' आलं. मी ताट कॅमेऱ्यासमोर धरलं.

सिनेमातला माळी सुरुवातीपासून गप्प होता. मी त्याच्याकडे बोट दाखवणार, इतक्यात मावशीचं आलं: 'माली न्हाय. जास्ती बोलतोय त्याला धर.'

पार्टनरने माझ्याकडे बघितलं आणि कालवांची वाटी पुढे सरकवली. मध्यंतर अजून व्हायचं होतं.