माझ्या नंबराचा जोड

टाकीच्या बुडाशी खडूनं गोल काढला होता. गोलातून पाणी झिरपत होतं आणि शेजारी माझा नंबर ठोकलेला होता. मालकानं माझी मानगूट धरली आणि तोंड तिथवर नेलं. "वाच. मोठ्यानं वाच. तुम्हा लोकांना सरकारनं डोक्यावर बसवलं, मीही बसवलं. त्याचं हे फळ."

सगळं वर्कशॉप काम थांबवून बघत होतं.

लोट्याच्या एमआयडीसीत आम्ही केमिकल कंपन्यांसाठी टाक्या बनवायचो. ज्यानं वेल्डिंगचा जोड भरला त्याचा नंबर पोलादी पंचानं शेजारी ठोकायचा, ही पद्धत. उद्या गळती निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. परीक्षा पास झालेल्या वेल्डरनंच टाकीला हात लावायचा. मी पास होतो. मालकाचा भाचाही तिथंच वेल्डर, पण नापास.

माझा पंच मात्र सुपरवायझर भाऊंच्या कपाटात असायचा. "हरवशील रं, दे माज्याकडं," म्हणायचे. भाऊंनीच मला रॉड धरायला शिकवलं. कुणबी माणूस, पण बौद्धवाडीतल्या माझ्या डब्यातली सुकट हक्कानं खायचे. केवढं अप्रूप वाटायचं मला त्याचं! मूर्ख होतो.

तो जोड भरला तेव्हा मी मंडणगडला, आतेबहिणीच्या लग्नात होतो. रजा भाऊंनीच दिली होती.

"भाऊ, तुमी सांगा. मी होतो का हितं?"

भाऊ चष्मा पुसत राहिले. मग कानाशी आले. "गप ऱ्हा. हात जोड नि मोकळा हो. तुजा काम जात नाय."

म्हणजे पंच त्यांनीच ठोकला होता. मालकाची शिवी मला नवी नव्हती. ती गिळायची सवय होती. भाऊंची ती कुजबूज गिळवेना.

"हा जोड माजा नाय!" मी ओरडलो. "भाच्यानं भरलान, नि भाऊंनी माजा नंबर ठोकलानी!"

तपासणीला आलेला, टाकी घेणाऱ्या कंपनीचा साहेब तिथंच होता. त्यानं ऐकलं आणि घड्याळात बघितलं. मालकानं मला गेटाबाहेर काढलं.

संध्याकाळी भाऊ आमच्या दारी आले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "नको, आत्ताच पिऊन आलो," म्हणाले. वाडीतली चार माणसं बघत होती ना! कारखान्यात चालायचं, इथं नाही. तेही त्याच दिवशी कळलं.

"उद्या ये. मालकाचा डोका थंड झालाय. मापी माग, बास."

आई घाबरली. "जा बाबा. मोठा मानूस दारात आलाय."

"आये, मापी मागाया आला आसता तर उठलो आसतो."

मी ओट्यावरून उठलो नाही. भाऊ आले तसे गेले. घरात चूल माझ्याच मजुरीवर पेटत होती, आणि आई रडत होती. तरी उठलो नाही.

न केलेल्या चुकीपायी हे हात मी कुणापुढं जोडणार नाही. माया लावणाऱ्यापुढं तर मुळीच नाही.