कुंपणाचा सामाजिक अर्थ

मी हिमानी, मूळची नागपूरची. शिकागोत राहून आयर्लंडच्या पुरातत्त्वावर पीएचडी करते. तिथले शेतकरी हजारेक वर्षांपूर्वी घराभोवती मातीचे गोल बांध घालत. ते रक्षणासाठी नव्हते, प्रतिष्ठा मिरवायला होते, असं मी समाजशास्त्राचे सिद्धांत लावून सिद्ध करत होते. आयर्लंड अजून पाहिलेलं नाही. सिद्धांताला व्हिसा लागत नाही.

उन्हाळ्यात शिकागोहून गाडीने काही तासांवरच्या ट्रॉय गावी उल्हासकाकांकडे गेले. त्यांच्या बॅकयार्डमधलं उंच कुंपण बघून मला राहवलं नाही.

"काका, कुंपण म्हणजे सत्तेची भाषा. शेजाऱ्यांना तुम्ही नक्की काय सांगताय?"

काका भोळे. त्यांनी ते फारच मनावर घेतलं आणि शनिवारी कुंपण काढून टाकलं.

रविवारी सकाळी सुनेत्राकाकूची हाक आली. मेथी, टोमॅटो, सगळं हरणांनी फस्त केलं होतं. एक हरीण अजून निवांत कोथिंबीर खात उभं होतं.

"आता याला सांग तुझी सत्तेची भाषा," काकू म्हणाली.

मी खांब धरून उभी राहिले आणि काका जाळी ठोकत राहिले. प्रबंधात आता एक नवं प्रकरण आहे, गुरांविषयी: ते बांध जनावरं अडवायलाही असतील. माझ्या गाइडना तेवढंच आवडलं.