इटलीच्या बॅरनचा सारस

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आईलाही नाही. आणि मी कोण? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी बाई! सडक अर्जुनीत हायवेला लागून माझं फ्लेक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथं कुणालाही विचारा. साऱ्या तालुक्याच्या सोयरिकी मला आधी कळतात आणि मी त्या पुढं पाठवते. पण हे एवढं एक पोटातच राहिलं. तुम्ही आपले वाटलात, म्हणून सांगतेय.

आधीच बजावते, रडगाणं नाही. आमचं घर हसरं आहे — आणि खरं सांगू? या खोटेपणानं ते आणखीच हसरं झालं. तीच तर पंचाईत आहे.

नणंदेचं लग्न ठरलं, देवरीकडचं स्थळ. मुलगा सोन्यासारखा, पण त्याच्या काकांना एकच नाद — आमचे पूर्वज मालगुजार, आमचे पूर्वज मालगुजार! मालगुजार म्हणजे इकडचे जुने गावमालक, जमीनदार. त्यांची पत्रिका आली तीही तशीच. वर सोनेरी ढाल, दोन बाजूंना दोन वाघ. माझे सासरे, मामाजी म्हणते मी त्यांना, ती पत्रिका हातात धरून बसले. उलटी केली, सुलटी केली.

मामाजींची एक गोष्ट होती. मी नवी नवरी म्हणून आले, तर पहिल्याच दिवशी ते मला शेतातल्या बोडीवर घेऊन गेले — बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहानसं तळं. म्हणाले, "हे माह्या आज्यानं खोदली. सालगडी होता तो. दिवसभर मालकाच्या वावरात राबे, अन् चांदण्यात इथं खोदे." तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी कुणीही येवो, ही गोष्ट ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही. आम्ही चिडवायचो, पाहुण्यांना चहा नंतर द्या, आधी बोडी खोदून होऊ द्या! तेही हसायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

तर ते मामाजी त्या दिवशी हळूच म्हणाले, "आपल्या घराचं असं काई निशान नसन का वो?"

काय सांगायचं होतं मी? बोडी आहे की! कुदळ आहे की! मी डिझाइनवाली बाई, एक कुदळ काढता आली नसती? आली असती. पण — आता बोलतेच — मलाच लाज वाटली. त्या वाघांसमोर कुदळ? मालगुजारांच्या घरात सालगड्याच्या घरची पोरगी चालली, हे पत्रिकेवर छापायचं? मी तोंड वर करून म्हटलं, "आहे ना, मामाजी! नेटवर जुन्या घराण्यांची निशाणं असतात. काढून देते."

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून शोधलं. ढाली, गरुड, सिंह... आणि मग तो दिसला. निळी ढाल, तिच्यावर एका पायावर उभा पांढरा पक्षी, उचललेल्या पायाच्या पंज्यात दगड. वर मोत्यांची माळ गुंडाळलेला सोन्याचा मुकुट. इटलीतल्या कुण्या बॅरनचं चिन्ह. बॅरन म्हणजे तिकडच्या सरदारकीतली खालची पायरी, बापाकडून थोरल्या पोराकडे जाणारी. आता तिथं कायदाही ती मानत नाही म्हणे, आणि त्या घराण्यातले लोक धानाची शेती करतात. धानाची, आमच्यासारखीच! मी दुकानात एकटीच हसले. खालचं नाव कापलं, आमचं आडनाव टाकलं. झालं.

मामाजींनी पाहिलं आणि उडालेच. "हा तं सारस होय! लहानपणी आपल्या धानाच्या बांधीत उतरे!" मग म्हणाले, "पण एकटाच काऊन? सारस जोडीनं राहाते." बरोबर होतं त्यांचं. मी तोच पक्षी उलटा करून समोर उभा केला. बॅरनच्या सारसाला सडक अर्जुनीत बायको मिळाली! दगड कशाला, असं त्यांनी विचारलं. खरं तर तो पहारेकरी पक्षी. डुलकी लागली की दगड पडतो आणि जाग येते. मी ठोकून दिलं, तुमचे पूर्वज गावाची राखण करायचे, त्याची खूण आहे ती.

लग्न काय गाजलं म्हणून सांगू! गेटवर सारस, स्टेजवर सारस, रसगुल्ल्याच्या काउंटरवरसुद्धा सारस. मालगुजार काका मुकुटाकडं बघून आपले पूर्वज विसरले. मामाजी फेटा बांधून नाचले. डीजेसमोर, या वयात! मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. इतकी खुशी खोट्यातून येते का? आली, माझ्या डोळ्यांदेखत.

सारस मग घराच्या फाटकावर गेला, ट्रॅक्टरवर गेला. आणि बोडीची गोष्ट? ती कधी बंद झाली, मला कळलंच नाही. म्हणजे — कळलं होतं. चहा आता गरम मिळतो म्हणून आम्ही खूश होतो.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, माझ्या मिनूनं तिचा लाकडी बैल सजवला. झूल मखमलीची, तिच्यावर माझ्याच दुकानातला सारसांचा स्टिकर. साऱ्या गावाची पोरं, ढोल, झेंडूच्या माळा, नुसता कल्ला! मिनूला पहिलं बक्षीस मिळालं. माइक हातात आला तशी पोरगी सुटलीच — आईवर गेलीय. हे आमचं निशाण, आमचे पूर्वज सरदार होते, गाव राखायचे. मग तिलाच काय आठवलं कोण जाणे, समोर बसलेल्या मामाजींना माइकवरूनच विचारलं, "आबा, मग आपली बोडी कोणं खोदली?"

मामाजी हसत होते. फेटा बांधलेला होता. हात झटकून म्हणाले, "असन कोणी गडीमानूस."

लोक हसले, ढोल वाजला. तो गडीमाणूस कोण, हे मामाजींनीच एकेकाळी साऱ्या गावाला चहाआधी ऐकवलं होतं. मामाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. आणि मी — मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात.