पाठ पिवळी, पोट काळं

घोलवडच्या चिकूवाडीत शिरताना भिकी आधी झाडांकडे बघायची, मग मुकादमाकडे. मुकादम त्यावरून चिडायचा. चिडू दे की! त्याला कुठे एका डंखात मरण होतं?

भिकीला होतं. २०१४ साली तलासरीकडच्या डोंगरात लाकडं गोळा करताना तिला आग्या माश्यांनी गाठलं. डंख चार-पाचच. दुसरी बाई शिव्या घालत घरी गेली असती. भिकीचा मात्र घसा मिटला, डोळे फिरले, आणि जीपमधून दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेल्यातच जमा होती. डॉक्टरांनी बजावलं, "आता माशी नाही, भुंगा नाही, काही चावू द्यायचं नाही. पुढच्या वेळी इथवर पोचाल याचा भरवसा नाही." सांगणं सोपं होतं. चिकूच्या बागेत राबणाऱ्या बाईने ते पाळायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग भिकी ओळखायला शिकली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण उडत्या माशीचं पोट कसं आहे ते दहा हातांवरून सांगायची. आग्या लांबट नि सोनेरी, सातेरी बुटकी नि पट्ट्यांची. भुंग्यांबाबत तर ती फारच काटेकोर. आख्खा काळा, निळसर पंखांचा दिसला की बाजूला व्हायचं. आख्खा पिवळा, केसाळ, तोंडासमोर येऊन हवेत थांबतो तो नर. नुसती दमदाटी, नांगीच नसते. आणि पाठ पिवळी पण पोट काळं, ती मादी. ती दाबली गेली की डंख मारलाच.

सून दक्षा बरोबर कामाला येऊ लागली तेव्हा भिकीने तिलाही हे पढवायला घेतलं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी दक्षाची गाडी "पिवळा दिसला म्हणजे नर" याच्या पुढे जाईना. "पोट बघ गो, पोट!" भिकी ओरडायची. दक्षा हसायची. हिच्या डोक्यात काही राहत नाही, असं भिकीने आख्ख्या पाड्यात सांगून ठेवलं होतं. सासवांना दुसरं काम काय असतं म्हणा.

२०१८ च्या दिवाळीत बाग आठ दिवस बंद होती. चिकू उतरवायचे जाळीचे बांबू शेडला टेकून तसेच पडले. पोकळ बांबूत भुंगे घर करतात, म्हणून कामावर आल्यावर बांबू आपटून, आत फुंकर मारून मगच उचलायचा, ही भिकीचीच शिकवण. त्या दिवशी मुकादम टेम्पो भरायची घाई करत होता आणि नेमकी तीच ते विसरली.

तिने बांबू उंच धरला, बुडाच्या पोकळ तोंडावर तळवा दाबून वर रेटला. तेवढ्यात आत गुणगुण सुरू झाली. बांबूतून ती मनगटात उतरली. मग तळव्याला बारीक पाय लागले.

"दक्षा," ती हळूच म्हणाली. "आत भुंगा हाय."

दक्षा धावत आली. भिकीचा हात आखडला होता. दाब वाढवावा तर डंख, हात काढावा तर चवताळलेला भुंगा थेट तोंडावर. मध्ये पदर सारायचा तरी तळवा उचलावा लागणार होता. भिकीला घाम फुटला. घसा आत्ताच मिटतोय असं तिला वाटू लागलं. ती भयंकर घाबरली होती.

"बुडाला चीर हाय, तिथनं बघ. कसा हाय?"

दक्षा गुडघ्यावर बसली, चिरेला डोळा लावला. मग मान वर करून सासूकडे पाहिलं.

"पिवळा हाय."

"पोट? पोट बघितलंस?"

"पोट पण पिवळं. आख्खा पिवळा. नर हाय, आई."

"नीट बघ गो, माझा जीव जाईल!"

"बघितलं. आता हात हळूहळू सरकवा. मी माझा लावते, मग तुम्ही लांब व्हा."

भिकीने श्वास कोंडला. तिचा तळवा रेसभर सरकला, त्याला खेटून दक्षाचा आला. आणखी रेसभर. भिकीचा हात सुटला तशी ती मागे धडपडत गेली, पंधरा पावलं, शेडच्या दारापर्यंत. तिथून तिने पाहिलं. दक्षाचं तोंड वेडंवाकडं झालं, पण हात हलला नाही. सासू दारात पोचलेली बघून मगच तिने बांबू दूर फेकला.

भुंगा उन्हात वर गेला. पोट काळंभोर होतं.

भिकी परत धावली. दक्षाचा तळवा लाल होऊन फुगत होता. भिकी त्यावर पाणी ओतत होती, रडत होती आणि भांडतही होती. "किती येळा सांगितलं, पोट बघ! तुला कधी जमलंच नाही. आज पण चुकलीस!"

दक्षाने ओठ चावून कळ जिरवली.

"चुकले नव्हते," ती म्हणाली. "काळंच होतं."