डावीकडची पावलं

आमच्या कैलासदादाला गेममध्ये नेम धरता यायचा नाही. माऊस हातात घेतला की भाकरी थापल्यासारखा गोल फिरवायचा. तरी निषादच्या टीममध्ये त्याच्याशिवाय पान हलायचं नाही, कारण समोरच्या टीमची पावलं ऐकायचं काम त्याचं. हेडफोन चढवून तो डोळे मिटायचा आणि देवळात बोलतात तसं हळू बोलायचा, "डाव्या भिताडामागं हाय. एकटाच हाय. आता थांबलाय बगा." आम्ही तिकडं बंदुका वळवायचो आणि गडी बरोबर तिथंच सापडायचा.

निषाद मूळचा अकोल्याचा. पुण्यात कोथरूडला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि जवळच्या भुकूम गावात आमच्या सारजाकाकूची, म्हणजे दादाच्या आईची, खोली भाड्यानं घेऊन ऑफिसातल्या ऋषिकेशबरोबर राहायचा. "काकू, पाणी येऊन राहिलं का?" असं त्यानं विचारलं की काकू चुलीपुढून न उठता सांगायची, "येऊन न्हाई राहिलं बाबा, येऊन गेलं." त्या खोलीत त्या दोघांनी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर आणून, मधून वायरी ओढून चार जणांची सोय केली होती. निषाद, ऋषिकेश, दादा आणि चौथा मी. रविवारी सकाळी बसायचं ते काकूनं जेवायला तिसरी हाक मारेपर्यंत.

दादा उरवड्याला एका कारखान्यात प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली यायची, धाड्. पत्रा सरकवायचा, धाड्. तिथं त्याला कुणी कधी काही विचारलं नाही. घरातही जमिनीचं बोलणं थोरल्या भावाशी व्हायचं. इथं मात्र दोन इंजिनिअर श्वास रोखून विचारायचे, "कैलासभाऊ, कुठून?" आणि दादा बोट उचलेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. आठवडाभर तो त्या रविवारावर जगायचा.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर कोथरूडच्या एका सायबर कॅफेत स्पर्धा ठरली आणि नेमका तेव्हाच दादा चुकायला लागला. डावीकडून कुणी आला की आम्ही मरायचो. दादा म्हणाला, कॉम्प्युटरचा आवाजच फाटका हाय, नुसती घरघर ऐकू येतीया. निषादला पटलं. पगार झाल्यावर त्यानं बाहेरून जोडायचं साउंड कार्ड आणलं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तिच्यातच हेडफोनचा अँप्लिफायर, आवाज कमीजास्त करायला पुढं गोल बटण. पहिल्या दिवशी दादानं बटण फिरवलं आणि लहान पोरासारखा हसला. "आरं, गडी बंदूक भरतोय त्ये बी ऐकू येतंय."

मग तो बटण दर रविवारी जरा जास्त फिरवू लागला. शेजारी बसलेल्या मला त्याच्या हेडफोनातले बार ऐकू यायचे. शेवटी एक दिवस त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि सांगितलं की डबीची डावी बाजू गेली.

निषादनं दुकानात जाऊन डबी बदलून आणली. दुसरीचीही डावी बाजू गेलेली. निषाद वैतागला. दुकानदार नाकातल्या नाकात "सर, तुमच्याकडं वीज कुठली येते, शेणाची का?" असं म्हणाल्याचं त्यानं तसंच नाकात बोलून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. दादा सगळ्यात मोठ्यानं हसला.

मग ऋषिकेशनं हेडफोन स्वतःच्या डोक्यावर घालून बघितला. दोन्ही बाजू ठणठणीत. हेडफोन उलटा करून, डावी बाजू उजव्या कानाला येईल असा, दादाच्या डोक्यावर त्यानं ठेवला आणि गेम सुरू केला.

दादा लगेच म्हणाला, "आली की डावी. आता उजवी गेली हिची."

दादानं आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं. मग हात वर नेऊन डाव्या कानाशी चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेलीय, ती परत यायची नाही. कारखान्यात कानात घालायचे बोळे देत नाहीत का, असंही विचारलं. दादा म्हणाला, देतात. शेजारच्या प्रेसवरच्या बहिरूचे हरवले होते. नवे मागितले तर साहेब ओरडला असता, म्हणून दोघांनी एकच जोडी वाटून घेतली. एक बोळा बहिरूला, एक दादाला. दादाचा उजव्या कानात असायचा. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "किती दिवस?" दादा म्हणाला, "दोन वर्षं झाली असत्याल. एका कानाचं काम भागत हुतं."

मला वाटलं होतं, आता तो स्पर्धेला येणार नाही. पण निषाद ऐकेना. त्यानं युक्ती काढली. आपण स्वतः दादाच्या डावीकडं बसायचं, आणि डावीकडं पावलं वाजली की दादाच्या गुडघ्यावर थाप मारायची. घरी जमलंही. दादा पुन्हा हळू आवाजात सांगायला लागला, "डावीकडनं येतोय," आणि ऋषिकेश न विसरता "बरोबर, कैलासभाऊ" म्हणायचा.

कोथरूडला पहिल्याच सामन्यात मी आणि ऋषिकेश लवकर मेलो. उरले निषाद आणि दादा. निषादचा एक हात माऊसवर, एक दादाच्या गुडघ्यावर. डावीकडं आवाज झाला. त्यानं थाप मारली, दादा वळला, आणि तेवढ्यात पडद्यावर निषादच्या गड्याला पाठीमागून येऊन कुणीतरी टिपलं.

दादानं हेडफोन काढला. त्याचा गडी पडद्यावर अजून उभा होता.

"नाही ना बावा, माझीच चूक झाली," निषाद घाईघाईनं म्हणाला. "तू घाल. खेळून राहिलो ना आपण."

"निषाद," दादा म्हणाला, "तू माजं ऐकत बसलास तर तुजं कोन ऐकनार?"

त्यानं वायर गुंडाळली, डबी निषादपुढं सरकवली आणि आपली खुर्ची व्यवस्थित आत लोटली. निषादनं हाक मारली. दादाच्या डाव्या बाजूला होता तो. दादा जिना उतरत गेला.

सोमवारी सकाळी उरवड्याची पहिली पाळी होती. काकूनं डबा भरता भरता विचारलं, काल काय झालं. दादा ती आपल्या उजव्या कानाकडं येईल असा सरकून उभा राहिला, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून. "काय न्हाई," तो म्हणाला. "आता रविवारची बी पाळी घेतो. प्रेसवर कायबी ऐकाया लागत न्हाई."