संपततात्या आणि माझा गोप्या

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा नववीत सुटली, शब्दही साधेच येतात. पण नाटकमंडळात राहिलं की किस्से साचतातच. नाटकं लोक विसरतात, किस्से विसरत नाहीत!

*

आमच्या शेळगावच्या मंडळात संपततात्या कायम खलनायक. लोकांच्या शिव्या हेच त्यांचं बक्षीस. "आज एका म्हातारीनं चप्पल फेकली!" असं मिशीवर हात फिरवून सांगायचे.

यंदाचं नाटक मी लिहिलं. माझं पहिलंच. त्यात गोप्या होता. बैलांशी बोलणारा, खोटं बोलता न येणारा. शेवटच्या अंकात तोच बहिणीला दुष्ट पाटलाच्या तावडीतून सोडवतो. पाटील अर्थात तात्या.

*

पहिला प्रयोग जळोचीत. गोप्या बैलाची माफी मागतो, तिथं सगळा मंडप रडला. तात्यांना कुणी साधी शिवीही दिली नाही!

रंग पुसताना ते म्हणाले, "लेखकराव, त्या येड्याला लई लाडावलंय तुमी."

*

सोमेश्वरनगरला गोप्याच्या बोलण्यात तात्या मुद्दाम खोकायला लागले. गोप्या झालेला संदीप थांबला आणि म्हणाला, "पाटील, पानी आनू का?" टाळ्याच टाळ्या!

आत आल्यावर तात्या त्याच्या अंगावर धावले. संदीप हसला, "आवो, मी कुठं बोललो? गोप्या बोलला."

तेव्हापासून तात्या संदीपला चहा पाजायचे. गोप्याचं नाव निघालं की उठून जायचे.

*

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला आजारी पाड की."

"शेवटी लागतो तो, तात्या."

"न्हाय लागत. मी हाय की!"

*

मग गावची जत्रा. दुसऱ्या अंकात गोप्या पाटलाच्या पाया पडायला वाकला. तात्यांनी त्याचा गळा धरला. मी असं लिहिलंच नव्हतं! त्याला खाली पाडून तात्या लोकांकडं वळले आणि ओरडले, "मेला! गोप्या मेला!"

उठावं तर नाटक मोडतं, म्हणून संदीप पडून राहिला. मंडपात ना शिवी, ना चप्पल. बाया हुंदके देत होत्या. तिसरा अंक झालाच नाही.

एक म्हातारी मला शोधत पडद्यामागं आली. "तूच लिवलंस ना? मग त्याच्या बैलांना वैरण कोन घालनार रं आता?"



सकाळी पहिल्या एसटीनं बारामतीला गेलो. ओळख नसलेल्या न्हाव्यापुढं बसलो आणि म्हणालो, "सगळे केस काढा."

त्यानं वस्तरा थांबवला. "घरात कोन गेलं, दादा?"

मी मान खाली घातली.