शेवंतीने जोडलेला शॉर्ट पीस

आमच्या घोडपदेवच्या चाळीत 'शॉर्ट' हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. नातू अर्ध्या चड्डीला शॉर्ट म्हणतो. बटणातून ठिणगी उडाली की शॉर्ट झालं. मी बोलायला बसले की नात आकांक्षा म्हणते, "आजी, शॉर्टमध्ये सांग." मी चौथी शिकले, पण एवढं इंग्रजी मला कळतं. शॉर्ट म्हणजे हवं त्याहून कमी.

खालच्या मजल्यावरच्या शेवंतीला मात्र हा शब्द कधी पटला नाही. गिरणी बंद पडल्यापासून ती ब्लाउज शिवते. उंची मशीनपेक्षा थोडी जास्त, तोंड मशीनपेक्षा जोरात.

आकांक्षाचं लग्न परवावर आलं होतं. तिच्या होणाऱ्या सासूने दिलेल्या शालूचा ब्लाउजपीस मी कापला, चष्मा कपाळावर ठेवून. हिंदमाताच्या टेलरने तो मोजला आणि परत दिला. "आजी, वीतभर शॉर्ट आहे. बाह्या निघणार नाहीत."

आकांक्षाने पीस घडी घालून पिशवीत ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी पीस घेऊन खाली शेवंतीकडे गेले. तिने तो उलटसुलट बघितला. "काकी, शॉर्ट पडला म्हणजे हरावला नाय. उरलेला खय गेला? शालू दाखवा बघू."

शालू उलगडला. कमरेत खोचायच्या टोकाला ब्लाउजची वीतभर नक्षी तशीच होती. माझ्याच कात्रीने मागे ठेवलेली. आम्ही सगळे पीसच मोजत बसलो होतो.

शेवंतीने ती पट्टी काढली, बाह्यांना जोडली आणि जोड काखेत लपवला.

"हात वर केला तर दिसेल गो," मी म्हटलं.

"करू दे, काकी. कोणाक दिसला तर माझं नाव शेवंती नाय."

परळच्या हॉलमध्ये हार घालायच्या वेळी मित्रांनी नवऱ्यामुलाला, हितेंद्रला, खांद्यावर उचललं. आकांक्षा टाचा उंचावून दोन्ही हात वर करून उभी. लोक हार बघत होते, मी काख. जोड मलाही सापडला नाही, आणि मला तर जागा माहीत होती.

आकांक्षाच्या सासूबाईंनी बाहीवरून बोट फिरवलं. "फिटिंग छान आहे हो. दादरला शिवलात?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंती पुढे झाली, पदर सावरून, मान ताठ.

"मी शिवलाय."

इतकं शॉर्ट ती जन्मात बोलली नव्हती.